टूर मॅनेजर झोपतो कधी?

ग्रुप टूरला एकदा तरी जाऊन आलेल्या मराठी माणसाला ‘सहा-सात-आठ’ समजावून सांगावं लागत नाही. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. लांबचा पल्ला असला तर ‘पाच-सहा-सात’. रात्रीची जेवणं आटोपता आटोपता टूर मॅनेजर हे तीन आकडे जाहीर करतो, मंडळी गुडनाइट म्हणून खोल्यांकडे वळतात. त्याचा स्वतःचा दिवस मात्र या तीन आकड्यांत कुठेच बसत नाही. तो पाचच्या आधी सुरू होतो आणि संपतो कधी, हे त्याच रात्री कोणाच्या खोलीतला गीझर बंद पडतो त्यावर अवलंबून असतं.

युरोप टूरमधला पॅरिस ते लुसर्न हा दिवस घ्या. रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये मॅनेजर सगळ्यांच्या आधी हजर, कारण जैन मंडळींना काय चालेल हे तिथल्या वेटरला पुन्हा एकदा सांगायचं असतं. मग बॅगा मोजायच्या. मग चेक-आउट. इथे रिसेप्शनवाली सांगते की अमुक खोलीच्या मिनी बारमधून ज्यूसची एक बाटली कमी आहे. काकाकाकू शपथेवर सांगतात, आम्ही फ्रिज उघडलासुद्धा नाही. बसमध्ये चाळीस माणसं खोळंबलेली. मॅनेजर खिशातून चार-पाच युरो काढून देतो आणि विषय मिटवतो. हायवेवर टॉयलेटचा थांबा वीस मिनिटांचा जाहीर होतो. एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकेल असं नाणी टाकायचं फाटक, प्रत्येकाकडे सुटे नाहीत, बाहेर पडल्यावर कॉफीचा वास. विसाची पन्नास मिनिटं होतात. आणि ड्रायव्हर घड्याळ दाखवतो.

ड्रायव्हरचं हे घड्याळ नीट समजून घेण्यासारखं आहे. युरोपीय संघाच्या 561/2006 या नियमानुसार बसचालकाने दिवसाला नऊ तास गाडी चालवायची, आठवड्यातून फार तर दोनदा दहा तास. साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची. रात्री सलग अकरा तास आराम, आणि तो मोजक्याच वेळा नऊ तासांवर आणता येतो. हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं, पोलीस रस्त्यात थांबवून ते तपासतात आणि दंड भरावा लागतो. त्यामुळे ग्रुप दुकानातून उशिरा परतला तर ड्रायव्हर शांतपणे सांगतो, आता शहर दर्शन होणार नाही, थेट हॉटेल. कायदा त्याच्या बाजूने आहे. त्याच्या शेजारच्या सीटवर माइक धरून बसलेल्या माणसाच्या बाजूने कोणीच नाही. ‘शहर दर्शन रद्द’ ही बातमी चाळीस जणांना द्यायची ती त्याने, आणि रात्री अकरा वाजता खोल्यांच्या तक्रारी ऐकायच्या त्याही त्यानेच. त्याच्या जागरणाची नोंद घेणारं यंत्र अजून कोणी बसवलेलं नाही.

या व्यवसायाचा जन्म झाला तेव्हा हा प्रश्न नव्हता. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, ती स्वतः बरोबर जाऊन. 1872 मध्ये निघालेल्या 222 दिवसांच्या जगप्रवासालाही साठी उलटलेला कुक स्वतःच गेला. मालकही तोच आणि वाटाड्याही तोच. बोट चुकली तर दुसरी ठरवायची, पैसे परत द्यायचे की नाही, हॉटेल बदलायचं का, हे जागच्या जागी ठरवायचा अधिकार त्याच्याकडे होता. आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांचंही सुरुवातीला असंच होतं. आचारी, भांडीकुंडी आणि मालक, तिघेही बसबरोबर निघत. पुढे धंदा वाढला. 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू झाली, 2013 मध्ये वीणा वर्ल्ड आली, एकाच आठवड्यात एकाच कंपनीच्या कितीतरी बसगाड्या वेगवेगळ्या देशांत धावू लागल्या. मालक कार्यालयात बसला आणि बसमध्ये पगारी माणूस चढला. जबाबदारी त्या माणसाबरोबर गेली, अधिकार मात्र कार्यालयातच राहिला. टूर मॅनेजरच्या ताणाबद्दल जे काही लिहिलं गेलं आहे, त्यातला बराचसा भाग मला या एका फारकतीकडे येऊन थांबताना दिसतो.

मराठी टूरमध्ये ही फारकत जास्त बोचते, त्याला कारण आहे. इथे टूर मॅनेजर हाच विक्रीचा मुख्य माल असतो. रविवारच्या पुरवण्यांतल्या जाहिराती पाहा. आल्प्स तेच, आयफेल टॉवर तोच, हॉटेलंही साधारण त्याच दर्जाची. वेगळं काय, तर ‘मुंबईपासून मुंबईपर्यंत आमचा माणूस तुमच्याबरोबर’. भाषेची अडचण नाही, जेवणाची चिंता नाही, बॅग हरवली तरी काळजी नाही. आयुष्यभराची पुंजी घालून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या सेवानिवृत्त शिक्षक दांपत्याला हे वचन फार मोलाचं वाटतं, आणि ते योग्यच आहे. फक्त हे वचन कंपनी देते आणि पाळायचं असतं तिशीतल्या एका मुलाने किंवा मुलीने. पंधरा दिवस रोज वधूपिता होऊन उभं राहायचं: वरपक्षाचं काही बिनसलं तर हात जोडायचे आणि हॉलचं भाडं, आचाऱ्याचा संप, पाऊस, सगळं आपल्याच माथी घ्यायचं.

ताणाच्या अभ्यासकांनी या अवस्थेला फार पूर्वीच हात घातला आहे, पर्यटनाचा विचारही न करता. रॉबर्ट कान आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये संघटनांमधल्या भूमिका-संघर्षावर पुस्तक लिहिलं. संस्थेच्या सीमेवर उभं राहून आतल्यांना आणि बाहेरच्यांना एकाच वेळी उत्तरं देणाऱ्या माणसावर ताण जास्त येतो, हे त्यातलं एक ठळक निरीक्षण. टूर मॅनेजर अशा दोन नाही, तीन सीमांवर उभा असतो. कंपनी म्हणते खर्च वाढवू नकोस, पर्यटक म्हणतात आम्ही पूर्ण पैसे भरलेत, आणि स्थानिक हॉटेलवाला किंवा ड्रायव्हर म्हणतो करारात हे नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेलं सूत्र आणखी नेमकं आहे. नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. मागण्या भरपूर आणि निर्णयाचं स्वातंत्र्य तुटपुंजं, ही जोडी घातक. स्वित्झर्लंडच्या टिटलिस शिखरावर ढग उतरले तर वर गेल्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. ढगांवर मॅनेजरचा ताबा नाही, तिकिटाचे पैसे परत करण्यावर नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्यावरही नाही. ताबा असतो तो फक्त स्वतःच्या चेहऱ्यावर.

आणि चेहऱ्याचंच तर हे काम आहे. आर्ली हॉक्सशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या हवाईसुंदरींचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. पगाराच्या बदल्यात ठरावीक भावना दाखवायची, आतून काहीही वाटो. यातले दोन प्रकार त्यांनी वेगळे केले: वरवरचं हसू, आणि समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून खरोखरच आणलेली आपुलकी. पुढच्या अनेक अभ्यासांत असं आढळलं की वरवरचा अभिनय माणसाला जास्त पोखरतो. पण हवाईसुंदरीचं विमान काही तासांत उतरतं. टूर मॅनेजर त्याच माणसांबरोबर सकाळी नाश्ता करतो, दुपारी जेवतो, रात्री जेवतो, त्याच हॉटेलात राहतो आणि लिफ्टमध्येही त्यांनाच भेटतो. बसमध्ये अंताक्षरी रंगवायची, कोणाचा वाढदिवस असला की केक आणायचा, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस असला तर हारही. पडदा पडतच नाही. गावाकडे वडील आयसीयूत आहेत हे कळल्यावरही ‘चला मंडळी, आता आपण बोटीत बसणार आहोत’ असं म्हणणारे मॅनेजर या धंद्यात आहेत, आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

फोनने यात भर घातली. पूर्वी तक्रार करायला माणूस समोर यावा लागे. आता टूरचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघण्याआधीच सुरू होतो. रात्री बाराला त्यावर प्रश्न येतो, उद्या स्वेटर लागेल का? दुसरा लगेच अंगठा दाखवतो, तिसरा नाराजीचा चेहरा. भारतात सकाळ झाली की मुलं-सुना जाग्या होतात आणि आईने फोन उचलला नाही म्हणून मॅनेजरला फोन करतात. युरोपात तेव्हा पहाटेचे तीन असतात. आई अर्थातच गाढ झोपलेली असते.

पैशाची बाजू पाहिली की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. तैवानमध्ये परदेशी ग्रुप टूर नेणाऱ्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. इतका औपचारिक दर्जा असूनही तिथल्या टूर लीडरची कमाई पगारापेक्षा टिप्स, जादा सहली आणि दुकानांतल्या कमिशनवर उभी राहिली. म्हणजे ज्याने पर्यटकाच्या हिताचं सांगायचं, त्याचंच पोट पर्यटकाच्या खिशावर. चीनमध्ये हा प्रकार टोकाला गेला. नाममात्र भाड्यात सहल, आणि तोटा भरून काढायला दुकानांची सक्ती. 2010 मध्ये हाँगकाँगमध्ये एका गाइडने पर्यटकांना खरेदी केली नाही म्हणून झापल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. लोकांनी तिला शिव्या घातल्या. तिला पगार कोण आणि किती देतं, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू झालेल्या चीनच्या पर्यटन कायद्याने अशा सहलींवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात नेमलेल्या गाइडशी रीतसर करार करून मोबदला व सामाजिक विमा देण्याचं बंधन कंपन्यांवर टाकलं. थायलंडने 2016 मध्ये असल्या सहलींवर कारवाई केली. दुकानसक्ती रोखायची तर आधी गाइडचा पगार ठरवावा लागतो, हे चीनच्या कायदेकर्त्यांनी ओळखलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे सक्तीची खरेदी तितकी नसली तरी टिप्स आहेतच. परदेश टूरवर दर माणशी दर दिवसाची टिप आधीच सांगितलेली असते आणि ड्रायव्हर, गाइड, मॅनेजर यांच्यात ती वाटली जाते. कंपनीचा कायमचा माणूस आणि टूरपुरता बोलावलेला फ्रीलान्सर यांच्यात मोठा फरक असतो. दुसऱ्याला टूर नाही तर उत्पन्न नाही. आणि टूर मिळणार की नाही हे ठरतं शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर. योहानेस झीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो: कष्ट आणि त्याचं मोल यांचा तोल बिघडला की तब्येतीवर परिणाम होतो, आणि मोल म्हणजे नुसता पैसा नव्हे, मान आणि नोकरीची शाश्वतीसुद्धा. फॉर्ममध्ये ‘जेवण’, ‘हॉटेल’, ‘बस’, ‘टूर मॅनेजर’ असे रकाने असतात. जेवण खारट झालं की राग शेवटच्या रकान्यातही उतरतो.

हे झालं रोजचं. पण या कामात असा एखादा दिवस उगवतो की ताण हा शब्दच अपुरा पडावा. लेहचंच घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर. विमानाने थेट तिथे उतरल्यावर एक-दोन दिवस स्वस्थ पडून राहायचं असतं. सत्तरीचे आजोबा म्हणतात, मला काही होत नाही, मी रोज पर्वती चढतो, आणि मार्केटला निघतात. संध्याकाळी डोकं धरतं, उलट्या होतात. मॅनेजर ऑक्सिमीटर आणि सिलिंडर घेऊन खोल्या-खोल्या फिरतो. उंचीचा त्रास त्यालाही होतो हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तोही त्याच विमानाने आलेला असतो, मोसमात पुन्हा पुन्हा खाली-वर करत असतो, आणि विश्रांतीचा तो दिवस त्याच्या वाट्याला येत नाही. रात्रभर जागलेला माणूस तिसऱ्या दिवशी 5359 मीटरच्या खारदुंगलावर ग्रुप घेऊन जातो. तिथे कोणाची पावलं अडखळतायत, कोण असंबद्ध बोलतंय, हे टिपायचं ते त्याच्याच तारवटलेल्या डोळ्यांनी. त्याच्या झोपेचा प्रश्न मग केवळ कामगारहिताचा राहत नाही, पर्यटकांच्या जिवाचाही होतो.

कधी संकट सगळ्यांवर एकदमच कोसळतं. 16-17 जून 2013 ला केदारनाथला पूर आला. एप्रिल 2010 मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीची राख उडाली आणि युरोपचं आकाश जवळपास सहा दिवस बंद राहिलं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या हल्ल्यात 26 जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा. त्या आठवड्यात काश्मीरमध्ये असलेल्या प्रत्येक ग्रुपच्या मॅनेजरला घाबरलेली माणसं सांभाळायची होती, तिकिटं बदलायची होती, घरून येणारे फोन घ्यायचे होते, आणि स्वतःच्या घरी ‘मी ठीक आहे’ एवढं कळवायचं होतं. टूर मॅनेजरच्या दृष्टीने याहून भीषण प्रसंग मनिलातला. 23 ऑगस्ट 2010 रोजी एका बडतर्फ पोलिसाने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ओलीस धरली. टूर लीडर मासा त्से याने बसमधूनच कंपनीला फोन करून शांत आवाजात परिस्थिती कळवली. त्या दिवशी हाँगकाँगचे आठ जण मेले, त्यांत तोही होता. वय 31. पुढे हाँगकाँग सरकारने त्याला मरणोत्तर शौर्यपदक दिलं. असे प्रसंग विरळा, पण ते आपल्यावर येऊ शकतात हे प्रत्येक मॅनेजरला ठाऊक असतं, आणि प्रसंग उलटून गेल्यावर त्याला समुपदेशकाकडे पाठवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. बहुधा पुढची टूर तयारच असते.

मोसमाची गणितं अशी की जग सुट्टीवर असतं तेव्हा हा कामावर. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ. घरची दिवाळी कित्येक वर्षं फोनवरच होते. बॅक-टू-बॅक टूर असली की सकाळी ग्रुप उतरवायचा आणि रात्री त्याच विमानतळावरून दुसरा घेऊन निघायचं. मधल्या वेळात घरचं कोणीतरी धुतलेल्या कपड्यांची बॅग आणून देतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी थकवा भरून येण्यावर बरंच काम केलं आहे. कामापासून मनाने सुटका झाल्याशिवाय नुसत्या आडवं होण्याने शीण जात नाही, असं त्यांचं म्हणणं. टूर मॅनेजर टूर चालू असताना मनाने सुटू शकत नाही, हे मान्यच. म्हणून दोन टूरमधले दिवसच त्याचा खरा आराम, आणि भर मोसमात कात्री लागते ती नेमकी त्यांनाच.

बायकांच्या वाट्याला याशिवाय वेगळं काही येतं. महिला स्पेशल टूर लोकप्रिय झाल्या तशा या कामात मुली मोठ्या संख्येने आल्या, आणि त्यांनी हे काम उत्तम पेललं. एखादा पर्यटक रात्री ‘जरा बोलायचं होतं’ म्हणून खोलीचं दार ठोठावतो तेव्हा काय करायचं? ग्राहक म्हणजे देव, हे तर शिकवलेलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मात्र इथे स्पष्ट आहे: कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने पुरवलेलं वाहनही ‘कामाचं ठिकाण’ आहे, आणि छळणारा कंपनीचा नोकर नसला तरी तक्रारीसाठी बाईला मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. हे प्रत्येक टूर मॅनेजरला प्रशिक्षणात सांगितलं गेलं पाहिजे. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रकात त्यावर एक ओळ असायलाही हरकत नाही.

मग लोक हे काम का करतात? यावर दोन ब्रिटिश संशोधिकांचं, गेरियर आणि अदीब यांचं, 2003 चं काम वाचनीय आहे. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या टूर प्रतिनिधींशी बोलून त्यांनी दाखवलं की या कामात करमणूक आणि कष्ट यांची सरमिसळ होते. समुद्रकिनारा, नवी माणसं, स्वातंत्र्याची भावना यांच्या बदल्यात माणसं नको ती कामंही पत्करतात. आपल्याकडचे मॅनेजरही हेच वेगळ्या शब्दांत सांगतील. पहिल्यांदा बर्फ पाहून रडणारी आजी त्यांनी पाहिलेली असते. कित्येकांच्या घरी जुन्या पर्यटकांच्या लग्नपत्रिका येतात. हे खोटं नाही. पण ‘तुमची काय मजा, फुकटात जग फिरता’ हे वाक्य याच खऱ्याचा आधार घेऊन बाकीचं झाकून टाकतं. करोनामुळे 23 मार्च 2020 ला भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली ती 27 मार्च 2022 ला सुरू झाली. त्या दोन वर्षांत किती जणांनी भाजीचा, डब्यांचा, विम्याचा धंदा धरला आणि त्यातले किती परतले नाहीत, हे ज्याचं त्यालाच माहीत.

क्रिस्टिना मास्लाक यांनी कामाने जळून जाण्याची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, जी लक्षणं सांगितली, त्यांतलं एक असं की समोरचा माणूस माणूस वाटेनासा होतो. मोसमाच्या शेवटी एखादा चांगला मॅनेजरही पर्यटकांना नावांऐवजी खोली क्रमांकांनी ओळखू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये हा प्रकार रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या ताणातून उपजणारी अवस्था म्हणून आपल्या वर्गीकरणात घेतला. म्हणजे उपाय माणसात शोधायचा नसून कामात शोधायचा. मॅनेजरांसाठी ध्यानधारणेची सत्रं भरवणं सोपं आणि स्वस्त आहे, म्हणून ती भरवली जातात. अवघड आहे ते कामाचं गणित बदलणं.

ते गणित अशक्य मुळीच नाही. बसमधल्या सीटचंच पाहा. पुढच्या सीटवरून पूर्वी रोज भांडणं होत. कंपन्यांनी सीट रोज फिरवण्याचा नियम केला, तो आधीच छापून दिला, आणि मॅनेजरच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. नियम कंपनीचा असला की वाईटपणा मॅनेजरच्या वाट्याला येत नाही. त्याच धर्तीवर रात्री दहा ते सकाळी पाच फोन मुंबई-पुण्याच्या कार्यालयाने घ्यायचे आणि फक्त आजारपण किंवा संकट असेल तरच मॅनेजरला उठवायचं, हे ठरवता येतं. तीस-पस्तीसहून मोठ्या ग्रुपला जोडीला सहायक देता येतो. छोट्या खर्चाचा ठरावीक निधी आणि तो जागेवर वापरायची मुभा देता येते, म्हणजे ज्यूसच्या बाटलीचे पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीत. लांब टूरमध्ये ‘मोकळा दिवस’ हा मॅनेजरचाही मोकळा दिवस करता येतो. आणि दोन टूरमध्ये किमान दिवसांची सुट्टी करारात लिहिता येते. यातून टूर काही हजारांनी महाग होईल. लाखोंच्या टूरमध्ये ते परवडण्यासारखं आहे.

कंपन्या हे आपणहून करतील असं मला वाटत नाही; गिऱ्हाइकाने विचारलं तर करतील. तेव्हा पुढच्या टूरचं बुकिंग करताना हॉटेलचे स्टार आणि जेवणाचा मेनू विचारून झाला की आणखी दोन गोष्टी विचारा: आमच्याबरोबर येणारा टूर मॅनेजर आधीच्या टूरवरून किती दिवस आधी परतलेला असेल, आणि रात्री दहानंतर फोन कोण उचलतं? उत्तर नीट मिळालं नाही तर चेक फाडू नका.